बंगलोर, उभ्या उभ्या

धाकटा भाऊ बंगलोरला जाऊन सहा वर्षं झाली, आणि सहाही वर्षं बाबा "पुढच्या दिवाळीला बघू" म्हणत होते. यंदा मी न विचारताच तिकिटं काढली. मिरजेतनं दुपारी राणी चेन्नम्मा एक्स्प्रेस पकडली की दुसऱ्या सकाळी बंगलोर. आईनं यायला साफ नकार दिला. "तुम्ही तिथं जाऊन बाहेरचंच खाणार, मला कशाला नेताय?" आईचं बरोबरच निघालं. तीन दिवसांत आम्ही लालबाग पाहिली, विधानसौध रिक्षातनं पाहिलं. बाकीचा वेळ खाण्यात आणि खायच्या ठिकाणी पोचण्यात गेला.

बाबा एसटीत कंडक्टर होते. सांगली–अथणी, सांगली–विजापूर या गाड्यांवर हयात गेली. त्यामुळे कामापुरतं कन्नड येतं आणि तास तास उभं राहायचं काही वाटत नाही. मी खुर्चीवरचा माणूस. ऑफिसात खुर्ची, घरी खुर्ची, आणि जेवताना तर हवीच. हे आधी सांगतोय, कारण या शहरातल्या खाण्याबद्दलची माझी सगळी मतं फिरून खुर्चीपाशीच येतात.

पहिल्या सकाळी धाकट्यानं घराजवळच्या एका दर्शिनीत नेलं. दर्शिनी म्हणजे तिथलं उभ्यानं खायचं उपाहारगृह. १९८० च्या दशकात जयनगरमध्ये 'कॅफे दर्शिनी' निघालं, ते चाललं, आणि मग गल्लोगल्ली तसलीच हॉटेलं झाली. आत शिरल्यावर गल्ल्यावर पैसे द्यायचे, कुपन घ्यायचं, ते खिडकीवर ठेवायचं, ताटली उचलायची आणि छातीएवढ्या उंचीच्या स्टीलच्या टेबलापाशी जागा धरायची. वेटर नाही, टीप नाही, "आणखी काय आणू" नाही. सगळं स्वयंपाकघर समोर उघडं. दहा मिनिटांत माणूस खाऊन बाहेर. जागेचं भाडं एवढं महाग असताना इडली स्वस्तात कशी देतात याचं उत्तर इथं मिळतं: खुर्ची काढून टाकली की एका टेबलावर सकाळभरात किती माणसं जेवून जातात याला हिशेब राहत नाही.

बाबांनी बोर्ड वाचून आपल्या कन्नडमध्ये ऑर्डर दिली. एक खारा भात, एक केसरी भात. त्यांच्या डोक्यात एक तिखट मसालेभात आणि एक आपला सणासुदीचा केशरी भात. ताटलीत आलं उप्पीट आणि शिरा.

"आरं, ह्यो भात कुठाय?"

भात नाहीच. भाज्या आणि मसाला घातलेलं उप्पीट म्हणजे तिथं खारा भात, केशरी शिरा म्हणजे केसरी भात, आणि दोन्हीचा एकेक मुटका शेजारी शेजारी घेतला की चौ चौ भात. बिसी बेळे भातात मात्र खरोखर तांदूळ असतो, वांगी भातातही असतो. यात नियम शोधायच्या भानगडीत पडू नका. बाबांनी उप्पीट आधी संशयानं खाल्लं, मग मुकाट्यानं संपवलं, आणि शिऱ्याला म्हणाले, "तुपाला हात आखडला न्हाई."

कॉफीच्या वेळी शेजारच्या दोघांनी 'बाय टू' मागितली. एक कॉफी, दोन पेल्यांत. आपल्याकडच्या कटिंगची ही चुलत बहीण, पण फरक आहे. कटिंग एकट्यानं पिता येतो. बाय टू घ्यायला दुसरा माणूस लागतो. बाबांना ही पद्धत इतकी आवडली की पुढचे तीन दिवस आम्ही एकदाही पूर्ण कॉफी घेतली नाही, फक्त दिवसाला पाच बाय टू घेतल्या.

दुसऱ्या दिवशी शंकरपुरमला ब्राह्मिन्स कॉफी बार. १९६५ पासूनचं ठिकाण. मेन्यू बोटांवर मोजण्याएवढा: इडली, वडा, खारा भात, केसरी भात, कॉफी. सांबार नाही, मागूनही मिळत नाही. चटणी मात्र हवी तितकी. चटणी वाढणारा माणूस ताटलीकडे बघतो आणि तुमच्या चेहऱ्यावरूनच ओळखतो की अजून पाहिजे. "साकु, साकु" (पुरे, पुरे) म्हणेपर्यंत इडली पोहायला लागलेली असते. बसायचं म्हणाल तर फुटपाथचा कट्टा. तिथं लॅपटॉपची बॅग लावलेला मुलगा, सकाळचं फिरून आलेल्या दोन आजीबाई आणि मी, असे एका ओळीत बसलो होतो. बाबा उभेच. मला म्हणाले, "तू बस. तुला सवय न्हाई."

मला सांबार लागतं, हे माझं मत. पण सांबार नसल्यामुळे इडलीचं खरं रूप कळलं हेही कबूल करतो. आमच्याकडं बऱ्याच ठिकाणी इडली सांबारात बुडवूनच देतात, म्हणजे तिच्या चुका झाकल्या जातात.

गांधी बाजारातलं विद्यार्थी भवन १९४३ चं. नावाप्रमाणे विद्यार्थ्यांसाठी निघालेलं. तिथं बाहेर नाव लिहून थांबावं लागतं, पण आत बाकं-टेबलं आहेत, म्हणून मी थांबायला एका पायावर तयार होतो. (शब्दशः. दुसरा पाय दुखत होता.) आत जागा मिळते ती अनोळखी माणसांच्या टेबलावर. आमच्यासमोर एक कुटुंब होतं, त्यांचं अर्धं खाणं झालेलं. भिंतीवर कन्नड साहित्यिकांची चित्रं. आणि मग तो वेटर आला. एका हातावर, मनगटापासून खांद्यापर्यंत, डोशाच्या ताटल्यांची चळत. मी मोजायला लागलो आणि बारानंतर हरवलो. बाबांनी मात्र जाणकाराच्या नजरेनं बघितलं. गर्दीतनं, दोन्ही हात अडकलेले, गाडी हलतेय, तरी तोल जाऊ द्यायचा नाही, हे त्यांना माहीत असलेलं काम. तो टेबलापाशी आल्यावर त्यांनी नकळत पाय आत घेतले.

डोसा लहान, जाड, वरून खरपूस तपकिरी आणि आत मऊ. आपल्याला मुंबई-पुण्याच्या हॉटेलांनी हातभर लांब, कागदासारख्या डोशाची सवय लावलीय. तो दिसायला भारी, पण चार घासांनंतर निव्वळ कुरकुर उरते. हा खाल्ल्यावर दुपारपर्यंत पाणी सोडून काही लागलं नाही.

लालबागजवळचं एमटीआर म्हणजे मवळ्ळी टिफिन रूम्स. १९२४ साल. आम्ही सकाळी लवकर गेलो, त्यामुळे थांबावं लागलं नाही, आणि खुर्ची! खरी, पाठीची. रवा इडली इथलीच. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला, तिकडून येणारा तांदूळ बंद झाला, म्हणून तांदळाऐवजी रव्याची इडली करून बघितली. ती बटाट्याच्या सागूबरोबर, म्हणजे रस्साभाजीबरोबर येते, वर तूप. मला ती सगळ्यात आवडली. बाबांना नाही. "टंचाईचं खाणं टंचाईपुरतं," म्हणाले, पण संपवली. आणीबाणीत सरकारनं खाण्याचे दर इतके खाली बांधून दिले की या हॉटेलाला त्या भावात आपला दर्जा सांभाळणं जड गेलं आणि त्यांनी तयार पिठांच्या पाकिटांकडे मोर्चा वळवला, हे धाकट्यानं सांगितलं. बाबांना आणीबाणीतल्या फक्त वेळेवर सुटणाऱ्या गाड्या आठवत होत्या.

त्याच दुपारी जयनगरला शिवाजी मिलिटरी हॉटेल. मिलिटरी हॉटेल म्हणजे मटणाचं हॉटेल, शाकाहारी हॉटेलांपासून वेगळं ओळखू यावं म्हणून. बंगलोरात ही हॉटेलं मराठा समाजातल्या लोकांनी बरीच चालवली. १६३८ मध्ये रणदुल्लाखानानं केंपेगौडाकडून बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांकडे आलं, तेव्हापासून इकडं मराठे आहेत. इथली बिर्याणी 'दोन्ने' बिर्याणी. दोन्ने म्हणजे आपला द्रोणच की! बारीक तांदूळ, हिरवट मसाला, आणि मटण हाडापासून आपोआप सुटणारं. टेबलावर शेजारी एक वयस्क गृहस्थ होते. आमचं बोलणं ऐकून म्हणाले की आम्हीही मराठेच, घरी मराठी बोलतो. मग ते बोलले ते मराठी. निम्मं मला कळलं नाही. बाबांना सगळं कळलं, कारण निम्मं कन्नड होतं.

शेवटच्या रात्री धाकट्यानं पार्टी द्यायचा हट्ट धरला. इंदिरानगरच्या शंभर फुटी रस्त्यावरचं, जागच्या जागी बीअर गाळणारं एक ठिकाण. नाव घेत नाही. आवाज इतका की मी जवळजवळ खुणांनीच जेवलो. मेन्यू कागदावर नाही, टेबलावरचा चौकोन मोबाइलनं टिपायचा आणि मग बोटानं वर-खाली सरकवत बसायचं. बाबांनी दोन मिनिटं सरकवून फोन माझ्याकडं दिला आणि इडली आहे का बघायला सांगितलं. खुर्च्या होत्या, पण त्या उंच स्टुलांच्या. पाय जमिनीला टेकत नाहीत, पाठीला आधार नाही.

"हे ना धड बसणं, ना धड उभं ऱ्हाणं," बाबा म्हणाले, आणि उतरून उभे राहिले. तासभर उभ्यानंच पनीर खाल्लं.

बिल आलं चौघांचं साडेचार हजार, त्यात न विचारता दहा टक्के सेवा शुल्क. ते असं आपोआप लावता येत नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्येच सांगितलंय आणि २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही तेच उचलून धरलं. मी तसं म्हटल्यावर वाद न घालता काढून टाकलं. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. भावजय माझ्याकडं अशी बघत होती की जणू मी तिथं कोथिंबिरीचा भाव केला.

परतीच्या दिवशी आईसाठी काहीतरी न्यायचं म्हणून भावाच्या घराजवळच्या दुकानातनं एमटीआरच्या रवा इडलीची दोन पाकिटं घेतली. हॉटेल आणि पाकिटांची कंपनी आता वेगळी आहे, पाकिटांची कंपनी २००७ मध्ये नॉर्वेच्या ऑर्कलानं घेतली, हे मला माहीत होतं, पण आईला ते सांगायची गरज नव्हती.

आईनं पाकीट हातात घेतलं, उलटं केलं, चष्मा लावून किंमत वाचली.

"हे आपल्या कोपऱ्यावर मिळतं की रं," म्हणाली. "पाच रुपये कमीनं."