प्रकरण १९: पंधरा राजांनी माझा शेवट पळवला

मंडळी, टायटस या रोमन सैनिकाला चीनपर्यंत नेणाऱ्या माझ्या कादंबरीबद्दल गेल्या खेपेला "आता दोनच प्रकरणं उरलीत" असं मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. ते शब्द मागे घेतो. शेवटच हातातून गेलाय.

आधी बरी बातमी. झीझी या शिओंग्नू टोळीप्रमुखाच्या किल्ल्याला चिनी फौजेने घातलेला वेढा एका बैठकीत उतरला. बुरुजावरून त्याच्या राण्या बाण सोडताहेत आणि बाहेरून आलेला एक बाण नेमका झीझीच्या नाकावर बसतो. हे हान शू या जुन्या चिनी इतिहासग्रंथातच आहे, मला सात जन्मांत सुचलं नसतं. लाकडी तटाला आग लागते तेव्हा टायटसला नुसता धूर दिसतो. ते वाक्य मी चार वेळा मोठ्याने वाचलं, खोटं कशाला बोलू. चिलखतही निस्तरलं. सिनेमे बघून डोक्यात पट्ट्यांचं बसलेलं, पण पार्थियनांशी लढलेल्या रोमन सेनापती क्रॅससच्या फौजेला कड्यांचंच हवं. अकरा ठिकाणी बदललं. (बोलून टाइप करणाऱ्यांना इशारा: माझा फोन 'पार्थियन'चं 'पार्थ येईना' करतो.)

आता रडगाणं. माझा डोलारा कशावर उभा आहे ते तुम्हाला पाठ आहे. इ.स.पू. ५३, कॅऱ्हीची लढाई, पार्थियनांच्या हाती दहा हजार रोमन कैदी. रोमन लेखक प्लिनीच्या म्हणण्याप्रमाणे त्यांची रवानगी मार्जियानात, म्हणजे मध्य आशियातल्या मर्वकडे. मग इ.स.पू. ३६ मध्ये तलास नदीकाठी, झीझीच्या वेशीपाशी 'माशाच्या खवल्यांसारखे' उभे शंभरेक पायदळवाले, हेच ते रोमन, आणि तिथून ते थेट चीनमधल्या गान्सूतल्या लिच्येनला. होमर डब्ज या अभ्यासकाची जुनी कल्पना. २००७ च्या डीएनए तपासणीत तिला आधार मिळाला नाही, पण मला कादंबरी लिहायचीय, प्रबंध नाही. टायटसच्या वयाचा तक्ताही जुळला होता: वीस अधिक सतरा, सदतीस. गुडघे कुरकुरतात, पण ढाल पेलते.

परवा हान शूमधला वेढ्यानंतरचा मजकूर पहिल्यांदा नीट वाचला. हो, पहिल्यांदा. माझ्या जुन्या प्रतीत नेमकी तीच पानं नव्हती, आणि विकणाऱ्याने 'उत्तम स्थिती' म्हणून गळ्यात मारली होती. कापलेली मुंडकी १,५१८. जिवंत धरलेले १४५. शरण आलेले हजारावर. आणि हे लोक वाटून टाकले, मोहिमेला फौज देणाऱ्या पंधरा राजांना! लिच्येनचं नाव नाही.

तीन दिवस डोकं आपटलं. राजाने टायटसला चिनी दरबारी भेट म्हणून धाडायचं? सोय लगेच उघडी पडते. तो पळाला म्हणावं, तर घर पश्चिमेला असलेला माणूस पूर्वेला का पळेल? एक मित्र म्हणाला, "सरळ तेरला आण त्याला, कोल्हापूरला ब्रह्मपुरीत समुद्रदेव पोसायडनची मूर्ती सापडलीच आहे की." मोह झाला. पण रोमचा आपल्याकडचा व्यापार खरा फुलला तो ऑगस्टसच्या वेळेपासून. माझा म्हातारा तोवर टिकवायचा कसा?

मग वाटणीलाच शेवट करायचं ठरवलं. चौघे मित्र, चार राजे. कारकून लाकडी पट्टीवर खुणा करतोय, चौघांतल्या ब्रेन्नोला दोनदा मोजतो, आणि त्या जास्तीच्या खुणेपायी सगळी रांग पुन्हा उन्हात उभी राहते. दोन पानं झाली, बरी झाली. सतरा वर्षं एकमेकांच्या ढालीआड काढलेल्यांना निरोपाचा शब्दही बोलता येत नाही, कारण मोजणी चालू आहे.

थांबा. हे टाइप करता करताच काहीतरी सुचलंय.

चेन तांग, वेढा घालणारा चिनी अधिकारी! मोहीम काढायलाच त्याने बादशहाचा खोटा हुकूम बनवला होता. शिवाय हावरट. लुटीचा माल त्याने कायदा डावलून सरहद्दीच्या आत आणला आणि चौकशीसाठी त्याची माणसं वाटेतच धरली गेली. मालात एक माणूस असला तर? वहीत न चढलेला. म्हणजे ब्रेन्नोची जास्तीची खूण! कागदोपत्री दोन ब्रेन्नो, प्रत्यक्षात एक, आणि हिशेब जुळवायला टायटस मोजणीतून गायब.

म्हणजे लिच्येन वाचलं, पण एकट्या टायटससाठी. बाकी तिघे राजांकडेच जातील. दुसरं पान फाडावं लागणार, पहिलं ठेवतो. प्रकरण ६ मध्ये जाऊन टायटसला मालाच्या गाडीत झोपायची सवयही लावून यायला हवी, नाहीतर तुम्हीच मला सोलाल.

गाडीला बैल जुंपायचे की उंट, तेवढं आज रात्री बघतो.