ऑफिसच्या कॉम्प्युटरसाठी मेलचं सॉफ्टवेअर निवडताना: माझा अनुभव

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि त्याच दिवशी ऑफिस २०१६ चाही. आमच्या ऑफिसच्या मुख्य कॉम्प्युटरवर नेमकी हीच जोडी होती आणि सगळा पत्रव्यवहार त्यातल्या आउटलुकवर चालायचा. कोटेशन, पर्चेस ऑर्डर, ड्रॉइंगच्या फाइली, बिलं, थकलेल्या पेमेंटची स्मरणपत्रं, सगळं तिथेच. आयडी दोन: एक विक्रीचा, एक हिशेबाचा. त्या कॉम्प्युटरवर कधी मी बसतो, कधी हिशेब बघणाऱ्या ताई. नवा कॉम्प्युटर घेणं सोपं होतं. मेलचं काय करायचं यावर मात्र जितकी तोंडं तितके सल्ले.

सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला सल्ला म्हणजे, सॉफ्टवेअर हवंच कशाला, ब्राउझरमध्ये उघडा की. सल्ला वाईट नाही. आयडी एकच असेल आणि तो जीमेलसारख्या ठिकाणी असेल तर मीही हेच सांगेन. माझा खासगी आयडी मी कायम ब्राउझरमध्येच बघतो. पण आमचं डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यातलं @ नंतरचं नाव, होस्टिंगवाल्याकडे (सर्व्हर भाड्याने देणाऱ्याकडे) आहे आणि त्याच्या वेबमेलवर दिवसभर काम करणं म्हणजे शिक्षा. लांबलचक मेल लिहून होईपर्यंत लॉगिन सुटतं. शोध घ्यायचा तर एकेका फोल्डरमध्ये जाऊन. दोन आयडी शेजारी शेजारी उघडे ठेवायचे तर दोन ब्राउझर लागतात. आणि नेट गेलं की कालची ऑर्डरसुद्धा बघता येत नाही. तेव्हा कॉम्प्युटरवर बसवायचं सॉफ्टवेअरच हवं, एवढं ठरलं.

मी ताईंना विचारलं, तुम्हाला त्यात काय काय हवंय? त्या म्हणाल्या, “मला नवीन काही नको. जुनी बिलं सापडली पाहिजेत, एवढं बघा.”

त्यांच्या या एका वाक्याने पुढचं सगळं काम ठरलं. कारण जुनी बिलं सापडायची तर आधी ती आहेत कुठे, हे कळायला हवं. मेलच्या बाबतीत ‘कॉम्प्युटरवर दिसतंय’ आणि ‘कॉम्प्युटरवर आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी असतात. म्हणून सॉफ्टवेअरची तुलना करायच्या आधी मी जुन्या आउटलुकमध्ये दोन्ही आयडींची सेटिंग्ज उघडली. विक्रीच्या आयडीत इनकमिंग सर्व्हरसमोर पोर्ट (सर्व्हरशी जोडणीचा क्रमांक) ९९३ होता, हिशेबाच्या आयडीत ९९५. सगळी कहाणी या दोन आकड्यांत आहे. ९९३ म्हणजे आयमॅप: मेल सर्व्हरवर राहतात, कॉम्प्युटर आणि फोन दोघांनाही तेच दिसतात, एकीकडे वाचला की दुसरीकडेही वाचलेला दिसतो. ९९५ म्हणजे पॉप३: सॉफ्टवेअर मेल खाली उतरवून घेतं आणि सर्व्हरवर प्रत ठेवायला सांगितलं नसेल तर तिथून पुसून टाकतं. हिशेबाच्या आयडीवर प्रत ठेवायची ती खूण केलेली नव्हती. वेबमेलमध्ये जाऊन पाहिलं तर तिथे जेमतेम त्या दिवसाचे मेल. म्हणजे वर्षानुवर्षांची बिलं, खातेउतारे, सगळं फक्त एका पीएसटी फाइलमध्ये (आउटलुक मेल साठवतं ती फाइल), त्या एका हार्ड डिस्कवर. ज्यांच्याकडे कुणीतरी फार पूर्वी मेल ‘सेट करून’ दिलाय, त्यांनी आज हा पोर्ट बघून घ्यावा. दोन मिनिटांचं काम आहे.

एका ओळखीच्यांनी सुचवलं की पीएसटी फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे दोन्ही कॉम्प्युटरवरून उघडेल. हे करू नये. पीएसटी एका वेळी एकाच जागी उघडते आणि नेटवर्कवरून वापरली तर खराब होण्याचा धोका असतो. अशा वापराला मायक्रोसॉफ्टचाच पाठिंबा नाही.

तर अटी अशा ठरल्या. दोन्ही आयडी आयमॅपवर. जुने मेल मला हवे तेव्हा बाहेर काढता येतील अशा स्वरूपात. शोध चांगला. आणि धंद्यासाठी वापरायला परवाना चालणारा. ही शेवटची अट बरेच जण विसरतात. उदाहरणार्थ, ईएम क्लायंट हे मेलचं सॉफ्टवेअर दिसायला देखणं आणि वापरायला सोपं आहे, आणि त्याची फुकट आवृत्ती दोन आयडींपर्यंत चालते. आमचे आयडी दोनच, म्हणजे अगदी मापात. पण ती फुकट आवृत्ती खासगी वापरासाठी आहे. व्यवसायासाठी पैसे भरून परवाना घ्यावा लागतो. ‘फ्री’ या शब्दाखालची बारीक ओळ वाचल्याशिवाय काही डाउनलोड करायचं नाही, हे मी तेव्हापासून पाळतो.

नव्या कॉम्प्युटरवर विंडोजसोबत नवं आउटलुक आलेलं होतंच. नाव तेच असलं तरी हे जुन्या आउटलुकपेक्षा वेगळं सॉफ्टवेअर आहे. विंडोजचं जुनं साधं मेल अ‍ॅप २०२४ च्या अखेरीस बंद झालं, त्याच्या जागी हे आलं. स्वच्छ आहे, झटपट चालतं. पण दुसऱ्या कंपनीचा आयडी जोडायला गेलं की ते सांगतं की तुमचे मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडशी सिंक होतील. म्हणजे आमच्या होस्टिंगवरच्या मेलची एक प्रत तिसऱ्याच ठिकाणी जाणार. काहींना यात वावगं वाटणार नाही. मला गिऱ्हाइकांची ड्रॉइंग आणखी एका जागी जायला नको होती. फुकट वापरात इनबॉक्समध्ये जाहिरातीही दिसतात, मेलच्याच रांगेत, मेलसारख्याच. बिलं शोधताना ते नकोच.

राहिलं जुनं, म्हणजे आता ज्याला क्लासिक म्हणतात ते आउटलुक. आमच्या २०१६ च्या आवृत्तीचा सपोर्ट संपला, पण नव्या आवृत्त्या किमान २०२९ पर्यंत चालू ठेवू असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं आहे. कंपनीत एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टची कंपन्यांसाठीची मेल आणि कॅलेंडरची व्यवस्था) असेल, सगळ्यांची कॅलेंडरं एकमेकांत गुंतलेली असतील, तर माझ्या मते दुसरीकडे बघूच नये. आमच्याकडे त्यातलं काही नाही. दोन आयडींसाठी त्याचा खर्च कशाला?

शेवटी थंडरबर्डवर आलो. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या घरातलं, मुक्त स्रोत (कोड सगळ्यांना खुला), पहिली आवृत्ती डिसेंबर २००४ ची. धंद्यासाठी वापरायलाही परवान्याची आडकाठी नाही. मेल ठेवायची त्याची नेहमीची पद्धत एमबॉक्स ही आहे. म्हणजे एका फोल्डरचे सगळे मेल एका साध्या मजकूर फाइलमध्ये, एकाखाली एक. ही पद्धत इतकी जुनी आणि सर्वज्ञात आहे की उद्या थंडरबर्ड नकोसं झालं तरी ती फाइल वाचणारी दुसरी साधनं मिळतील. पीएसटीबद्दल असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

निवड झाली, पण खरं काम त्यानंतरचं. पीएसटीतले मेल हलवायचे कसे? पीएसटी बदलून देणारी बरीच सॉफ्टवेअरं मिळतात, त्यातल्या बऱ्याच फुकट चाचण्या थोडेसे मेल काढून थांबतात. मी सरळ आयमॅपचाच वापर केला. जुन्या कॉम्प्युटरवर, जुन्या आउटलुकमध्येच, हिशेबाचा आयडी आयमॅप म्हणून नव्याने जोडला. सर्व्हरवर वर्षवार फोल्डर केले आणि पीएसटीतून एकेका वर्षाचे मेल त्यात ओढले. मूव्ह नाही, कॉपी. मूळ फाइल जशीच्या तशी राहिली पाहिजे. एकदम सगळं उचललं तर मध्येच अडकतं आणि कुठवर झालं ते कळत नाही, म्हणून थोडे थोडे. प्रत्येक खेपेनंतर दोन्हीकडचा मेलचा आकडा जुळतोय का, ते ताई बघायच्या. हिशेबाची माणसं अशा कामाला सोन्यासारखी. एका फोल्डरमध्ये फरक आला तर त्यांनी तारखा लावून नेमका राहिलेला मेल काढून दिला; त्याची अटॅचमेंट होस्टिंगच्या मर्यादेपेक्षा मोठी होती.

मर्यादा मेलबॉक्सलाही असते. सगळी वर्षं सर्व्हरवर मावणार नव्हती. म्हणून जुनी वर्षं सर्व्हरवर चढवायची, नव्या कॉम्प्युटरवर थंडरबर्डच्या लोकल फोल्डर्समध्ये (फक्त त्या कॉम्प्युटरवर राहणाऱ्या फोल्डरांत) उतरवून घ्यायची, आकडा जुळला की सर्व्हरवरची जागा मोकळी करायची, मग पुढचं वर्ष. कंटाळवाणं आहे, पण यात कुठलंही तिसरं सॉफ्टवेअर लागत नाही.

अटॅचमेंटच्या आकाराबद्दल एक सांगतो, कारण यावरून आमच्याकडे नेहमी वाद व्हायचा. मेलमधून जाताना फाइल मजकुराच्या रूपात बदलली जाते आणि तिचं वजन सुमारे एक तृतीयांशाने वाढतं. २० एमबीचं ड्रॉइंग वाटेत २७ एमबीच्या आसपास होतं. त्यामुळे मर्यादा २५ एमबी लिहिलेली असताना २० एमबीची फाइल परत आली तर दोष सॉफ्टवेअरचा नसतो.

थंडरबर्डमध्ये ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला ती म्हणजे पाठवलेल्या मेलचा फोल्डर. मी फोनवरून पाठवलेलं कोटेशन कॉम्प्युटरवर ‘सेंट’मध्ये दिसेना. शोधलं तर सर्व्हरवर तीन फोल्डर तयार झालेले: सेंट, सेंट आयटम्स आणि सेंट मेसेजेस. जुनं आउटलुक, फोन आणि थंडरबर्ड, प्रत्येकाने आपापलं दुकान मांडलेलं. अकाउंट सेटिंग्जमध्ये ‘कॉपीज अँड फोल्डर्स’ नावाचं पान आहे, तिथे पाठवलेल्या मेलची प्रत कुठे ठेवायची ते हाताने निवडता येतं. तिथे सेंट निवडला, फोनच्या सेटिंगमध्येही तोच, आणि बाकी दोन फोल्डरमधले मेल त्यात हलवून ते रिकामे फोल्डर काढून टाकले. ड्राफ्ट आणि ट्रॅशचंही असंच जुळवावं लागलं. सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, हे पान पहिल्या दिवशी उघडा.

हे जुळल्यावर आयमॅपचा खरा फायदा दिसला. मी बाहेरून फोनवर एखाद्या चौकशीला उत्तर दिलं की ताईंच्या समोर त्या मेलशेजारी उत्तराचा छोटा बाण येतो, कारण ‘उत्तर दिलं’ ही खूणही सर्व्हरवरच साठते. पूर्वी “याला उत्तर गेलंय का?” हा प्रश्न दिवसातून कितीदा तरी यायचा. आता दोघांची विंडोज लॉगिनही वेगळी केली आहेत; दोघांकडे तेच इनबॉक्स. फक्त लोकल फोल्डर्समधली जुनी वर्षं माझ्या लॉगिनमध्ये आहेत.

थंडरबर्डचे दोषही सांगायला हवेत. सेटिंग्ज विखुरलेली आहेत. काही सर्वसाधारण पानावर, काही आयडीच्या पानावर, आणि कुठली कुठे याला तर्क नाही. मेल डिलीट केला तरी एमबॉक्स फाइलमधून तो लगेच जात नाही, फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ केल्यावरच जागा सुटते. अधूनमधून ते ‘कॉम्पॅक्ट करू का’, असं विचारतं. हो म्हणायचं आणि ते होईपर्यंत हात लावायचा नाही. उलट एक गोष्ट मला फार आवडली: बाहेरून येणारी चित्रं ते आपणहून दाखवत नाही. तुम्ही मेल उघडला की नाही, हे कळण्यासाठी पाठवणारे बारीकसं अदृश्य चित्र टाकतात, त्याला यामुळे आळा बसतो.

आमचे मेल कधीमधी समोरच्याच्या स्पॅममध्ये जायचे, तेही सॉफ्टवेअर बदलल्याने सुटेल अशी एकाची समजूत होती. त्याचा कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरशी फारसा संबंध नसतो. ते डोमेनच्या डीएनएसमधल्या (इंटरनेटवरच्या नोंदवहीतल्या) एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नोंदींवर बरंच अवलंबून असतं; मेल खरंच आपल्याच डोमेनकडून आलाय हे त्यांवरून पडताळतात. होस्टिंगवाल्याला लिहून त्या नोंदी करून घेतल्या, तो वेगळाच विषय.

आयमॅप म्हणजे बॅकअप नव्हे, हेही ताईंना समजावून सांगितलं. एका जागी पुसलेला मेल सगळीकडून पुसला जातो. म्हणून थंडरबर्ड पूर्ण बंद करून त्याचा प्रोफाइल फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करतो. हेल्प मेन्यूतल्या ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’मधून तो फोल्डर थेट उघडतो. त्यात मेल, पत्ते, सेटिंग्ज आणि साठवलेले पासवर्डही असतात, त्यामुळे प्रायमरी पासवर्ड (साठवलेल्या पासवर्डांवर कुलूप घालणारा एक पासवर्ड) लावून ठेवला आहे आणि डिस्क कपाटात कुलूपबंद. ती प्रत दुसऱ्या एका लॅपटॉपवर टाकून थंडरबर्ड उघडलं, सगळं जसंच्या तसं आलं. मूळ पीएसटीही त्याच डिस्कवर आहे, अजून तरी पुसण्याचा विचार नाही.

ताईंना मेल चौकटीचौकटींत दाखवणारा कार्ड्सचा देखावा अजिबात पटला नाही. त्यांनी टेबल व्ह्यू निवडला, ओळी दाटीवाटीच्या केल्या, आणि तारखेचा रकाना ओढून सगळ्यात डावीकडे आणला. माझ्या लॉगिनमध्येही तसंच करून द्यायला आता त्या तयार आहेत.