टू-व्हील-ड्राइव्ह बोलेरोची पावसाळी तयारी: जून ते सप्टेंबरच्या नोंदी

गेल्या वर्षी जुलैत मामांच्या शेताच्या वाटेवर गाडी अडकली, तेव्हा मागचं उजवं चाक हवेत गरागरा फिरत होतं आणि डावं, चांगल्या घट्ट मुरमावर टेकलेलं, तसूभर हलत नव्हतं. मी ॲक्सिलरेटर दाबला की उजवं आणखी जोरात फिरायचं, एवढंच. शेवटी शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर आला. मामा छत्री धरून बांधावर उभे होते. म्हणाले, "आमची बैलं असती तर इतका वेळ लागला नसता."

गाडी २०१४ची बोलेरो. २५२३ सीसीचं, ६३ अश्वशक्तीचं डिझेल इंजिन, मागच्या चाकांवर चालणारी. फोर-बाय-फोर नाही, लो रेंज (अवघड चढासाठीचे जादा हळू गिअर) नाही, मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या डिफरन्शिअलला दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं लॉक नाही. वेल्ह्याच्या बाजूला, डांबरी संपल्यावर साधारण तीन किलोमीटर कच्ची वाट आहे: आधी मुरूम, मग ओढा, ओढ्यानंतर धोंड्यांचा चढ आणि शेवटी भातखाचरांच्या मधली काळी चिकण. मला दगडांवर चढाई करून दाखवायची नाहीये. जुलै-ऑगस्टमध्ये मामांच्या घरापर्यंत जायचं आणि ट्रॅक्टर न बोलावता परत यायचं. खर्चाची मर्यादा ४५,००० रुपये.

यंदा पैसे काढण्याआधी अडकलेल्या गाडीच्या तेव्हाच्या फोटोकडे बराच वेळ बघत बसलो. ताकद कमी पडली नव्हती. साधं डिफरन्शिअल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं. हवेतल्या चाकाला फिरायला टॉर्क लागतच नाही, त्यामुळे जमिनीवरच्यालाही तेवढाच मिळतो, म्हणजे जवळपास शून्य. तेव्हा यंदाच्या प्रत्येक खर्चाला एकच प्रश्न विचारायचं ठरवलं: याने मागची दोन्ही चाकं जमीन धरून राहतील का?

जून, पहिला आठवडा

टायर घ्यायला निघालो होतो, पण मिस्त्रींनी गाडी उचलून मागचा पाटा (पोलादी पानांची स्प्रिंग) पहारीने हलवून दाखवला. "दादा, हे बुश बघा. नुसता रबराचा चुरा राहिलाय. नवे टायर लावून काय करणार?"

पाट्याच्या टोकाच्या शॅकलच्या पिना गंजून धरलेल्या. पाट्यांच्या पानांमध्ये वर्षानुवर्षांची माती बसून ती एकमेकांवर सरकतच नव्हती. म्हणजे एक चाक खड्ड्यात गेलं की ॲक्सलने वाकडं व्हायला हवं, ते होत नव्हतं, आणि चाक लटकत होतं. हवेतल्या चाकाचं निम्मं कारण इथेच सापडलं. पाटे उतरवले, पानं सुटी करून घासली, ग्रीस लावलं, बुश आणि पिना नव्या टाकल्या. मागचे शॉकअप तेल गाळत होते, तेही बदलले. मजुरीसकट ६,२०० रुपये.

मग एक चाचणी. मागचं डावं चाक विटांच्या रचलेल्या थरावर चढवलं आणि उजवं जमीन कधी सोडतं ते बघितलं. कामाआधी तीन थरांना सोडत होतं, कामानंतर चौथ्या थरालाही टेकलेलं राहिलं. फोटोत दाखवण्यासारखं यात काहीच नाही, गाडी बाहेरून तशीच दिसते. पण माझ्या मते या मोसमातलं सगळ्यात वसूल झालेलं काम हेच.

जून, तिसरा आठवडा: टायर

कंपनीचा साइज २१५/७५ आर १५. सगळे मित्र म्हणत होते २३५/७५ घे, दिसायला भारी. हिशोब केला. २१५/७५चा व्यास ७०३.५ मिलिमीटर, २३५/७५चा ७३३.५. म्हणजे ॲक्सल १५ मिलिमीटर वर जाणार. मोहात पडण्यासारखं आहे, कारण मागे सलग ॲक्सल असलेल्या गाडीत डिफरन्शिअलच्या गोळ्याखालची जागा वाढवण्याचा टायर हाच एक मार्ग. लिफ्ट किटने चॅसिस वर जाते, गोळा जिथे होता तिथेच राहतो. हे अनेकांना पैसे घालवल्यावर कळतं.

पण मोठा टायर म्हणजे गिअर सव्वाचार टक्के लांब झाल्यासारखं. लो रेंज नसलेल्या ६३ अश्वशक्तीच्या गाडीला धोंड्यांच्या चढावर पहिला गिअर आधीच लांब पडतो. त्यात भर घातली की क्लच जाळायचा. शिवाय स्टेपनी जुन्या साइजची. मागच्या ॲक्सलवर दोन वेगळ्या व्यासाची चाकं लावून घाट उतरायची माझी तयारी नाही. मूळ साइजमध्येच ऑल-टेरेन (डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे) घेतले.

दुकानदार म्हणाला, "मागं दोन टाका, पुढचे चालतील." खिशाला पटलं. पण पावसात घाटात ब्रेक आणि स्टेअरिंगचा भार पुढच्या टायरवर येतो, आणि पुढचे गुळगुळीत झाले होते. चार घेतले, २९,६००. जुन्यांचे ३,००० वजा. खास चिखलासाठीच्या मड-टेरेनचा विचार दोन मिनिटं केला आणि सोडला, कारण गाडी वर्षातले दहा महिने डांबरावरच असते.

जुलैच्या सुरुवातीची किरकोळ कामं

मागच्या ॲक्सलला एक छोटा ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जायचं तोंड, असतो. गाडी चालून ॲक्सल गरम झालेला असतो, ओढ्यात उतरला की झटक्यात थंड होतो, आतली हवा आकुंचन पावते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी ओढते. मी तेलाचा बोल्ट उघडला तर आत दुधाळ चहा. तेल बदललं, ब्रीदरला रबरी नळी जोडून ती चॅसिसच्या वर, टेललाइटच्या मागे नेऊन बांधली. तेल सोडून खर्च २५०. ओढे ओलांडणाऱ्या प्रत्येकाने हे स्नॉर्कलच्या (इंजिनसाठी उंचावरून हवा घेणाऱ्या नळीच्या) आधी करावं. स्नॉर्कलपर्यंत पाणी यायच्या कितीतरी आधी ते दारांतून पायाशी आलेलं असतं.

हवेचा गेज आणि १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर मिळून २,४००. पहिल्याच दिवशी लायटरच्या सॉकेटला लावला आणि फ्यूज उडवला. स्वस्त कॉम्प्रेसरही भरपूर करंट खातो. आता थेट बॅटरीला चिमटे लावून चालवतो, इंजिन चालू ठेवून.

ओढून काढायला पट्टा आणि तो अडकवायला पाऊण इंची दोन शॅकल (लोखंडी कड्या), ३,९००. शॅकलवर ४.७५ टन छापलेलं बघून घेतलं. रबरासारखा ताणणारा किनेटिक दोर घेतला नाही. तो दुसऱ्या गाडीने वेग घेऊन झटका द्यायचा असेल तर. मला ओढणारा कायम ट्रॅक्टर असतो, तो हळू आणि सरळ ओढतो, त्याला साधा पट्टा पुरतो. साखळदंड मात्र बंद. तुटला तर कुठे जाईल सांगता येत नाही, आणि आपल्याकडे गाडी निघताना बघायला सगळा वाडा जमलेला असतो.

मागचा हूक आधीच्या मालकाने बंपर बदलताना कापून टाकला होता. चॅसिसला वेल्डिंग नको होतं, म्हणून आधीच्याच भोकांत बसेल अशी जाड प्लेट करून १०.९ ग्रेडच्या बोल्टने आवळली, १,८०० रुपये. पहिल्या फॅब्रिकेटरने साधे बाजारातले बोल्ट टाकून दिले होते. डोक्यावरचा आकडा वाचता येतो म्हणून वाचलो.

एकूण ४१,१५० झाले. लाइटबार, लोखंडी बंपर, लिफ्ट या गोष्टींना हात लावला नाही. पैसे हे एक कारण. दुसरं, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: मूळ नोंदीपेक्षा गाडी बदलता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये तेच सांगितलं. पुढचे लोखंडी गार्ड तर २०१७च्या डिसेंबरपासून केंद्राने बंद केलेत. तरी रस्त्यावर किती दिसतात ते सगळ्यांना माहीत आहे.

जुलै, दुसरा शनिवार

नसरापूर फाट्यावर हवा बरोबर करून घेतली, डांबरी संपल्यावर चारही टायर २० पीएसआयवर आणले. टायर लांबट बसतो, जमिनीवर टेकलेला भाग वाढतो, दगडावर चाक उड्या मारण्याऐवजी दगडाला लपेटून जातं. टेपने मोजलं तर ॲक्सल सुमारे १२ मिलिमीटर खाली आला. म्हणजे २३५चा टायर घेऊन जे कमावलं असतं, ते हवा सोडल्यावर जवळपास गेलंच असतं. तरी हवा सोडणंच फायद्याचं.

मागच्या समोरासमोरच्या सीट दुमडून मधल्या जागेत, बरोबर ॲक्सलच्या वर, वाळूची २५ किलोची चार पोती दोराने जखडून ठेवली. रिकाम्या बोलेरोचा मागचा भाग हलका असतो, पाटे भारासाठी बनवलेले. पोती अगदी दरवाज्याशी ठेवली तर पुढचं टोक हलकं होऊन स्टेअरिंग तरंगतं. आणि बांधल्याशिवाय ठेवू नका, ब्रेक मारल्यावर पहिलं पोतं तुमच्या पाठीत येईल.

ओढा उतरून बघितला, काठीने तळ चाचपला, गुडघ्याखाली होता. पार. मग चढ. याच जागी गेल्या वर्षी अडकलो होतो. पहिल्या गिअरमध्ये, क्लचवरून पाय पूर्ण काढून, चाक दगडांच्या मधून न नेता दगडावरूनच नेलं, म्हणजे गोळा खाली आपटत नाही. अर्ध्यावर पुन्हा उजवं चाक फिरायला लागलं. हवेत नव्हतं, ओल्या दगडावर घसरत होतं.

आता हँडब्रेक. मिस्त्रींनी सांगितलेली जुनी युक्ती: हँडब्रेक मागच्याच चाकांवर लागतो आणि आपली चालणारी चाकंही मागचीच. दोन-तीन दात ओढला की फिरणाऱ्या चाकाला अडवणूक होते. त्याला फिरवायला टॉर्क लागतो आणि डिफरन्शिअलला तेवढाच दुसऱ्या बाजूलाही द्यावा लागतो. पायाचा ब्रेक चालत नाही, त्याने पुढची चाकंही धरतात. मी तीन दात ओढले, ॲक्सिलरेटर किंचित वाढवला. गाडी एक क्षण कुंथली, मग डाव्या चाकाने धरलं आणि अख्खी गाडी हळूच, एखाद्या म्हातारीसारखी, वर आली. मी गाडीत एकटाच होतो, तरी मोठ्याने ओरडलो.

यासाठी हँडब्रेकची केबल दोन्ही बाजूंना सारखी ओढणारी हवी. आणि हे काही सेकंदांचंच काम आहे, कारण तेवढा वेळ इंजिन ब्रेकशी भांडत असतं आणि ड्रम तापतात. फोर-बाय-फोरवाल्यांना यात नवल वाटणार नाही. आमच्यासारख्यांसाठी हे फुकटचं अर्धं लॉक आहे.

वर पोचल्यावर मामा पोत्यांकडे बघत राहिले. "वाळू आणलीस? इथं काय कमी होती?"

ऑगस्ट

आता फसलेली गोष्ट. लावणी संपत आली होती. शेवटचे दोनशे मीटर खाचरांच्या कडेने जातात आणि मला वाटलं, चढ जमला म्हणजे चिखल काय चीज आहे.

भातखाचरातला चिखल हा नुसता ओला झालेला चिखल नसतो. चिखलणी करतात ती पाणी खाली मुरू नये म्हणून, माती मुद्दाम कालवून. वर लोण्यासारखं, खाली जिथे नांगर पोचला नाही तिथे कडक. ट्रॅक्टर त्यात लोखंडी जाळीची चाकं लावून उतरतो. माझ्या ऑल-टेरेनची नक्षी दहा फुटांत भरून सपाट झाली. दुसऱ्या गिअरमध्ये संथ चाललो, हवा १८वर आणली, हँडब्रेक ओढून पाहिला. हँडब्रेकने काहीच झालं नाही, आणि विचार केल्यावर कारण कळलं: इथे एक चाक घसरत नव्हतं, दोन्ही सारखीच घसरत होती. वाटून देण्यासारखं काही नव्हतंच. गोणपाट घातले, चाकांनी ते गिळले. गाडी पोटावर बसली.

त्याहून वाईट म्हणजे मागचं चाक घसरत जाऊन शेजाऱ्यांच्या बांधाची कड ढासळली. गावाकडे बांधावरून भाऊबंदकीच्या पिढ्या गेल्यात, हे वेगळं सांगायला नको. मामा स्वतः खोरं घेऊन आले, आम्ही दोघांनी भर पावसात कड पुन्हा लिंपली, आणि मग त्याच शेजाऱ्यांना ट्रॅक्टर आणायची विनंती केली. त्यांनी आणला. नवा पट्टा, नवी प्लेट, दोन्ही टिकले. पैसे घेतले नाहीत, पण म्हणाले, "पुढच्या टायमाला गाडी वरच लावा, पाव्हणं. चालत या."

तेव्हापासून गाडी चढाच्या वर, आंब्याखाली लावतो आणि शेवटचे दोनशे मीटर चप्पल हातात घेऊन जातो.

सप्टेंबर

पाऊस ओसरला. पाच फेऱ्या झाल्या, त्यातली एकच ट्रॅक्टरची. पोती उतरवून ठेवली. बाहेर पडल्यावर हवा पुन्हा ३२ करायला स्वस्त कॉम्प्रेसरला पाऊण तास लागतो, म्हणून आता दोन टायर मी भरतो आणि उरलेले नसरापूरला जपून जाऊन भरून घेतो. हे बरोबर नाही, माहीत आहे. पुढच्या वर्षीचा पहिला खर्च मोठा कॉम्प्रेसर.

गेल्या आठवड्यात ब्रेक लावताना मागून करकर यायला लागली. ड्रम उघडले. डाव्यातून चहाचा कप भरेल इतका गाळ निघाला, उजव्यातून गाळाबरोबर भाताचं एक रोप, मुळासकट. लायनर दोन्हीकडचे निम्म्यावर आलेत, उजवे थोडे जास्त. ते बदलून घेतोय.