सीझनभर चाललं, पावसाळ्यात अडलं

कळंगुट पट्ट्यातल्या एका हॉटेलच्या लाँड्रीतलं मोठं वॉशर-एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे कपडे धुऊन पिळणारं मशीन. डिसेंबरच्या गर्दीत चादरींचे ढीग निमूट पिळणारं हे मशीन जूनमध्ये, निम्म्या खोल्या रिकाम्या असताना, ओव्हरव्होल्टेजची वॉर्निंग देऊन ट्रिप व्हायला, म्हणजे आपोआप बंद पडायला लागलं. तेही बहुतेक रात्रीच. मी पोचण्याआधीच निदान झालेलं: "दमट हवा, कार्डात ओल." गोव्यात पावसाळ्यात काहीही बिघडलं की आरोपी ओलच.

थांबण्याचा रॅम्प, म्हणजे ड्रम थांबायला दिलेला वेळ, कुणीतरी आधीच वाढवून ठेवला होता. ते तसं बरोबरच. भरलेला ड्रम वेगातून खाली आणताना मोटरच जनरेटर होते, ती वीज ड्राइव्हच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राच्या) डीसी बसमध्ये, म्हणजे आतल्या डीसी विजेच्या साठ्यात, परत येते आणि बसचं व्होल्टेज चढतं. सावकाश थांबवलं की कमी चढतं. ब्रेक रेझिस्टर असता तर ती वीज उष्णता होऊन गेली असती, पण पॅनेलमधले त्याचे टर्मिनल कोरे करकरीत. खरेदीत वाचवलेले पैसे असे दिसतात. तरी तोच रॅम्प दिवसा चालतो आणि रात्री का नाही?

रात्री थांबलो. मशीन उभं ठेवून कीपॅडवर नुसतं बस व्होल्टेज पाहिलं. ४१५ व्होल्टच्या सप्लायला ते ५८७च्या आसपास हवं; दाखवत होतं ६४३. मीटर लावला तर सप्लायच ४५५. ड्राइव्ह ८००च्या आसपास ट्रिप होणार, म्हणजे ड्रम हलायच्या आधीच पन्नासेक व्होल्टची जागा गेलेली.

हॉटेलचा इलेक्ट्रिशियन सावंतवाडीचा. चहा घेताना सहज म्हणाला, "साहेब, डिसेंबरात व्होल्टेज पडायचं, एसी उचलत नव्हते. तेव्हा ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलून व्होल्टेज चढवलेलं."

"नोंद?"

"नोंद कोण करतंय!"

म्हणजे पावसाळी रात्री लोड कमी म्हणून व्होल्टेज आधीच वर, त्यात हा चढवलेला टॅप. भर म्हणून कपॅसिटर पॅनेलही मॅन्युअलवर. बिलात पॉवर फॅक्टर (वीज किती कार्यक्षमपणे वापरली त्याचं माप) चांगला दिसावा म्हणून सगळे सतत चालू, आणि लोड नसताना तेही व्होल्टेज चढवतात. पॅनेल ऑटोवर टाकलं, दुसऱ्या दिवशी शटडाउन घेऊन टॅप दोन पायऱ्या उतरवला. रात्री ४३०. ट्रिप बंद.

पण डिसेंबरात एसी पुन्हा रडणार, कुणीतरी टॅप पुन्हा चढवणार. म्हणून रेझिस्टरचं कोटेशन देऊन आलोय. मॅनेजर म्हणाले, "आता चालतंय ना? मग बघू सीझननंतर."