ओरेमची सेल्फ-केअर थिअरी वॉर्डात कितपत चालते

नर्सिंगच्या मुली आमच्या मेडिसिन वॉर्डात पोस्टिंगला आल्या की बहुतेक जणींच्या केअर प्लॅनमध्ये डोरोथिया ओरेमच असते. कारण वरवर ती लिहायला सोपी, पेशंटला काय जमतं, काय जमत नाही, जे जमत नाही ते नर्सने करायचं, झालं. पण थिअरी एवढीच नाहीये, आणि नवी मुंबईतल्या वॉर्डात ती कुठे टिकते कुठे नाही हे मला बरेच दिवस लिहायचं होतं.

ओरेम अमेरिकेतली नर्स, जन्म 1914 चा, मुख्य पुस्तक 1971 चं. तिचं म्हणणं असं की श्वास, पाणी, जेवण, संडास-लघवी, काम नि आराम, एकांत नि माणसांत मिसळणं अशा 8 गरजा प्रत्येकालाच असतात, आजारपण आलं की त्यावर नव्या गरजा चढतात आणि सगळं मिळून माणसाच्या कुवतीबाहेर गेलं की नर्स लागते. मग कधी नर्स सगळंच करते, कधी दोघं मिळून, आणि कधी फक्त शिकवायचं आणि पाठीशी राहायचं. हा तिसरा प्रकार मला सगळ्यात मोलाचा वाटतो, डायबिटीसच्या पेशंटला तर हाच लागतो.

घणसोलीचे एक काका, एमआयडीसीतल्या कंपनीतून रिटायर झालेले, इन्सुलिन नवीनच चालू झालेलं. 40 ची (म्हणजे एका मिलीत 40 युनिट इन्सुलिन असलेली) बाटली असेल तर लाल टोपीची 40 चीच सिरिंज घ्यायची नाहीतर डोस चुकतो, दुधाळ इन्सुलिन खसाखसा हलवायचं नाही, तळहातांत हळूच फिरवायचं, बेंबीजवळ टोचायचं नाही, रोज जागा थोडी बदलायची, सगळं शिकवलं आणि काकांनी एकदम बरोबर करून दाखवलं. मग विचारलं, घरी कोण घेणार? तर काकूंकडे बघून म्हणाले, "ही देईल ना सिस्टर."

आता इथे कमी काय पडलं? माहिती आहे, हातही चालतात. ओरेमने सेल्फ-केअरचे तीन टप्पे सांगितलेत, आधी परिस्थिती समजून घेणं, मग काय करायचं ते ठरवणं, मग प्रत्यक्ष करणं. आमची चेकलिस्ट पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यावर टिक मारून मोकळी होते, मधलं ठरवणं कोणी विचारतच नाही. म्हणजे थिअरी आमच्या फॉर्मपेक्षा जास्त खोल आहे आणि हे श्रेय तिला द्यायलाच हवं.

पण काकूंचं काय? दुसऱ्याची काळजी घेणाऱ्या माणसाची कुवत हा विचार ओरेमकडे आहे, नाही असं नाही, तरी थिअरीच्या मुळाशी असलेला माणूस एकटाच असतो आणि कुटुंब बरंचसं त्याच्या परिस्थितीचा एक भाग म्हणून येतं. आपल्याकडे पथ्य, गोळ्या, इंजेक्शन सगळं घरातल्या बाईच्या हातात, त्यामुळे मला ही उणीव मोठी वाटते. दुसरं म्हणजे भाषा फार जड, साधेपणावर मी कमीच मार्क देईन. तपासून बघता येते का म्हणाल तर हो, सेल्फ-केअरची कुवत मोजायचं स्केल 1979 मध्येच आलंय, केर्नी आणि फ्लायशर यांचं.

आणि वेळ! शिकवायला निवांतपणा लागतो, इथे डिस्चार्जच्या दिवशी बिल, फाईल, खाली रिक्षा थांबलेली आणि त्या गडबडीत काकांना हायपोची, म्हणजे साखर फार खाली गेल्याची, लक्षणं सांगायची, घाम, थरथर, चक्कर, लगेच साखर खायची. हा दोष मी ओरेमच्या माथी मारणार नाही, तो आमच्या स्टाफिंगचा आहे. म्हणून माझा आग्रह असतो की शिकवणं ॲडमिशनच्या दुसऱ्या दिवशीच सुरू करा आणि काकू डबा घेऊन येतात तेव्हाच करा. मुलींना मी आता काकूंसाठी वेगळा रकाना आखायला लावते, सिरिंजवरच्या रेघा त्यांना चष्म्याशिवाय दिसतात का, त्यांची स्वतःची बीपीची गोळी वेळेवर होते का, आणि त्या गावाला गेल्या तर सुई कोण टोचणार, हे तिन्ही काकांच्या समोर विचारायचं.