कुरणाला तार लागली!

मुरबाडच्या आमच्या कुरणाला आज अखेर कुंपणाची तार लागली (म्हणजे तीन बाजूंना). ठाण्याहून दोस्तमंडळी सकाळीच हजर. वरची माती वीतभर, खाली कातळ. दोन फुटांच्या एकेका खड्ड्याला पहार, घाम आणि भरपूर शिव्या लागल्या.

खांब आठ-दहा फुटांवर, ते ठीक. खरी कसोटी कोपऱ्यांची. तारेचा सगळा ताण कोपऱ्याच्या खांबावर येतो, म्हणून त्याला दोन्ही बाजूंच्या तारेच्या रेषेत तिरपे टेकू द्यावेच लागतात. नाहीतर पावसात माती भुसभुशीत झाली की खांब आत झुकतो आणि तार लोंबायला लागते. टेकूंचा खर्च फुकट वाटतो त्यांनी आसपासची कुंपणं एकदा बघून यावं.

काटेरी तार मुद्दाम टाळली. गुरं अंग घासणारच. गाईच्या कासेला ओरखडा गेला तर डॉक्टरला शोधत फिरा. साधी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) तार ओढली, खालच्या ओळी जवळ जवळ.

दुपारी काकूंनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट धाडली. त्यानंतर कामाचा वेग काय झाला, ते विचारू नका.

ओढ्याकडची बाजू राहिलीय. रविवारी कोण येतंय? हातमोजे आपापले आणा, माझे तुमच्यातल्याच कुणीतरी नेलेत.