एकरी किती, पण कुठली तंबाखू?

आमच्या पीककर्ज विभागात एक नवीन पोरगा आलाय. हुशार आहे, एक्सेलमध्ये बोटं भराभर चालतात. परवा जेवणाच्या सुट्टीत त्यानं देशोदेशीच्या तंबाखूचा एक तक्ता पुढ्यात धरला. उत्पादन, क्षेत्र, हेक्टरी उतारा असे रकाने, आणि शेवटच्या रकान्यावरून त्यानं काढलेला निष्कर्ष: "मॅडम, पाकिस्तानचा उतारा आपल्या दीडपट आहे. आपले शेतकरी मागं पडलेत."

माझं माहेर दूधगंगेच्या पलीकडे, निपाणीच्या अंगाला. कागद कर्नाटकाचा, बोली कोल्हापूरची. आजोळच्या सगळ्या लग्नांचा खर्च एकेकाळी तंबाखूवर निघालाय. त्यामुळं 'मागं पडलेत' हे काही मला पटेना. भाकरी गुंडाळून ठेवली आणि तो तक्ता पहिल्यापासून वाचायला घेतला.

आधी जमिनीचं बघू. हेक्टर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं काही उभं राहत नाही, म्हणून मी जिल्ह्यात मोजते. कोल्हापूर जिल्हा साधारण ७,६८५ चौरस किलोमीटर, म्हणजे पावणेआठ लाख हेक्टरच्या आत. रंकाळ्यापासून राधानगरीच्या जंगलापर्यंत सगळं धरून. जगात तंबाखूखाली तीस लाख हेक्टरच्या थोडं वर जमीन आहे. म्हणजे चार कोल्हापूर. एवढीच. चीनमध्ये दहा लाख हेक्टरच्या आसपास, म्हणजे एक अख्खं कोल्हापूर आणि वर अर्धा सिंधुदुर्ग. भारतात सव्वाचार लाख हेक्टरच्या आगेमागे, अर्ध्या कोल्हापूरपेक्षा जरा जास्त. ब्राझीलमध्ये त्याहून लाखभर हेक्टर कमी.

जगाच्या पिकाऊ जमिनीत हा वाटा हजारात दोन इतका. ऐकून वाटतं, मग एवढा गाजावाजा कशाला? जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या तंबाखूविरोधी दिनाला 'आम्हाला अन्न हवं, तंबाखू नको' अशी घोषणा दिली होती. तेव्हा आमच्याच कार्यालयात एकजण म्हणाला होता, हजारात दोन जमीन सोडून कुणाची भूक भागणार? पण सरासरीनं जमीन मोजली की असंच होतं. मलावी हा देश महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा मोठा. तिथल्या बहुतेक घरांचं पोट मक्यावर, आणि देशाला परकीय चलन मिळवून देणारं सगळ्यात मोठं पीक तंबाखू. मका आणि तंबाखू एकाच पावसावर, त्याच त्या एकरा-दोन एकराच्या तुकड्यात. तिथल्या शेतकऱ्याला जगाची टक्केवारी सांगून उपयोग नाही.

आता उतारा, ज्यावरून सगळं सुरू झालं. एकरात सांगते. मलावीत एकरी चारशे किलोच्या आसपास, इंडोनेशियात त्याहून थोडी जास्त. भारतात सातशेच्या वर. चीन आणि ब्राझील साडेआठशेच्या घरात, अमेरिका हजाराच्या जवळ, पाकिस्तान त्याच्याही वर. आकडे दरवर्षी हलतात, पण हा क्रम साधारण असाच.

मात्र या ओळींत सगळीकडं एकच पीक नाहीच मुळी. पाकिस्तानात खैबर पख्तूनख्वात स्वाबी, मर्दान या भागात बरीचशी व्हर्जिनिया, म्हणजे सिगारेटची तंबाखू होते, कालव्याच्या पाण्यावर, सिगारेट कंपन्यांशी करार करून. व्हर्जिनियाचं पान शिरेसकट विकलं जातं, म्हणजे शिरेचंही वजन उताऱ्यात येतं. मलावीत मुख्यत: बर्ली जातीची, ती सावलीला वाऱ्यावर सुकवायची. भारताच्या एका आकड्यात तर काय काय कोंबलंय! आंध्र आणि म्हैसूरकडची व्हर्जिनिया, गुजरातेतल्या चरोतरची विडीची तंबाखू, बिहार-बंगालकडची खायची आणि हुक्क्याची, आणि आमच्याकडचा जर्दा, म्हणजे तीही विडीचीच तंबाखू. चरोतरात विडीची तंबाखू पाण्यावर घेतात. निपाणीकडं ती जिरायत काळवटात, परतीच्या पावसाच्या ओलीवर आणि पुढं नुसत्या थंडीवर यायची. दोन्ही विडीतच जाणार, तरी चरोतराचा उतारा आमच्यापेक्षा खूप पुढं. आता यात मागं कोण पडलं? जमिनीत पाणी नव्हतं, एवढंच.

शिवाय विडीच्या तंबाखूला वजन वाढवून चालत नाही. पान जाड, कडक, अंगावर पुरळ आल्यासारखं ठिपक्यांचं झालं की व्यापारी खूश. भरपूर पाणी देऊन पान लुसलुशीत केलं तर वजन येईल आणि भाव जाईल.

हे पीक मी अगदी जवळून पाहिलंय. पावसाळ्यात तरवा टाकायचा, ऑगस्ट-सप्टेंबरात लावण. झाड कमरेला आलं की शेंडा खुडायचा, म्हणजे ताकद फुलात न जाता पानात जाते. शेंडा खुडला की प्रत्येक पानाच्या बगलेतून फुटवा येतो, तो काढायचा. आठवड्यानं परत येतो, परत काढायचा. हे काम बायकांचं. बोटांना आधी हिरवट, मग काळा चिकट थर चढतो, साबणानं हलत नाही. मामी लिंबाची फोड घासायची आणि तरी भाकरीला कडू वास यायचाच. ओल्या पानात दिवसभर वावरलेल्या नव्या बाईला ओकाऱ्या व्हायच्या, डोकं गरगरायचं. 'लागली तंबाखू' एवढंच म्हणत. पानातलं निकोटिन ओल्या कातडीतून आत जातं आणि त्यानं हा आजार होतो, हे मला फार पुढं वाचून कळलं.

काढणीनंतर माल शेतातच उन्हात वाळायचा. पण वाळलेल्या पानाला दिवसा हात लावायची सोय नाही, भुगा होतो. म्हणून भल्या पहाटे, दव पडून पान मऊ पडलं की सगळं घर रानात. ऊन चढायच्या आत पालथं घालायचं, गोळा करायचं. पौषातली ती थंडी, आणि हातात ओला, उग्र वासाचा ढीग. नंतर बोद, म्हणजे मोठी पोती भरून माल वखारीत जायचा. तिथं पुन्हा चाळायला बायकाच, नाकाला पदर बांधून.

सूर्यावर वाळणाऱ्या या तंबाखूचा एक गुण मात्र तक्त्यात कुठं दिसत नाही. तिला लाकूड लागत नाही. व्हर्जिनिया भट्टीत भाजावी लागते, दिवसरात्र आच धरून. म्हैसूरकडं पिरियापट्टण, हुणसूरच्या भट्ट्यांना सरपण लागतं, झिंबाब्वेत मिओम्बोची जंगलं त्यासाठी तुटतात. अमेरिकेत गॅस, चीनमध्ये बराच काळ कोळसा. मग झिंबाब्वेच्या एका हेक्टर तंबाखूमागं जमीन एकच हेक्टर धरायची का? जे रान तोडून भट्टीत घातलं ते कुठल्या रकान्यात? माझ्या मते जमिनीचा हिशोब इथंच सगळ्यात जास्त फसवा आहे.

झिंबाब्वेची गोष्ट एरवीही ऐकण्यासारखी आहे. २००० साली तिथं जवळपास २३.७ कोटी किलो तंबाखू झाली. मग गोऱ्यांची मोठी शेतं सरकारनं ताब्यात घेऊन वाटली, आणि २००८ ला आकडा पाच कोटी किलोच्याही खाली आला. सगळ्यांनी हात टेकले. पुढं लहान शेतकऱ्यांनीच तो वर नेला आणि २०२३ ला २९ कोटी किलोच्या पलीकडे गेला. यात बरीच मेख आहे. बहुतेक माल कराराचा, बी-खत-उचल कंपनीची, आणि मोठा गिऱ्हाईक चीन. त्या चीनमध्ये स्वत: जगातली एक तृतीयांशाहून जास्त तंबाखू पिकते, आणि तिथं खरेदी, कारखाना, विक्री सगळं सरकारी मक्तेदारीत.

अमेरिकेनं उलटं केलं. कुणी किती लावायची याचा कोटा तिथं १९३० च्या दशकापासून होता. २००४ ला कायदा करून कोटाधारकांना भरपाई दिली आणि पद्धतच मोडीत काढली. लहान शेतकरी बाहेर पडले, मोठे राहिले. उतारा चांगला आहे, हे खरं.

आमच्याकडं कोटा नव्हता आणि भरपाईही नव्हती. १९८१ च्या मार्च-एप्रिलात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं निपाणीला पुणे-बंगळूर रस्ता अडवला, कच्च्या मालाच्या भावासाठी. पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मेले. आजही निपाणीत ६ एप्रिल कुणाला सांगावा लागत नाही. भाव थोडा हलला, पण तंबाखू हटवली ती पाण्यानं. दूधगंगा-वेदगंगेचं पाणी उपसून माळावर चढलं तसा ऊस आला, जिथं पाणी चढलं नाही तिथं सोयाबीन. तंबाखूविरोधी प्रबोधनाच्या पत्रकांनी किती क्षेत्र कमी झालं मला ठाऊक नाही, मोटारीच्या पाइपानं झालेलं मी पाहिलंय. ऊस एकरी चाळीस टन आणि जर्दा एकरी तीन-चारशे किलो, हे शेजारी ठेवून कुणी उताऱ्याची तुलना करत नाही ना? मग व्हर्जिनिया आणि जर्द्याची का करायची?

रविवारी मामाकडं गेले तेव्हा हे सगळं त्याला सांगितलं. सगळ्या रानात आता ऊसच आहे, तरी ऐकत होता. पाकिस्तानच्या एकरी अकराशे किलोला मान हलवली. झिंबाब्वेचं सांगितल्यावर मात्र विचारलं, "व्हय गं, पर तिकडं वजनाला सूट किती धरत्यात?"

निपाणीच्या काट्यावर ओल म्हणून, माती म्हणून, बोदाचं वजन म्हणून काय काय कापायचे ते त्याला अजून तोंडपाठ आहे. मी म्हटलं, तिकडं कंपनी आधी बी-खताचे पैसे कापून घेते, मग उरलेलं खात्यावर टाकते.

"मग एकरी किलो कशाला सांगतीस," मामा म्हणाला, "हातात किती पडलं ते इचार जा त्या पोराला."

सोमवारी विचारलं. त्याच्याकडं तो रकाना नव्हता.